लिंबूवर्गीय झाडांवरच्या दुय्यम अळ्या : बागेतल्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

कळी दिसू लागली, म्हणून नोंदी आजपासून. सायला, मावा, खवले कीड आणि लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडींचे वेळापत्रक बागेत आधीपासून आहे. या वहीत फक्त अळ्या, त्याही अधूनमधून येणाऱ्या: उंटअळी, पाने गुंडाळणाऱ्या अळ्या, लष्करी अळी, केसाळ अळ्या, लिंबावरच्या फुलपाखराची अळी. बहुतेक वर्षी मित्रकिडीच त्यांना आवरतात. एखाद्या वर्षी मात्र फूलगळीच्या सुमारास त्या गुंड्यांवर, म्हणजे नुकत्या धरलेल्या बारीक फळांवर, उतरतात आणि त्याचे वण थेट काढणीला फळावर दिसतात.

प्रश्न एकच. अळी दिसली की पंप पाठीवर घ्यायचा, ही पद्धत सोडायची आहे. कोणती अळी, केवढी, झाडाच्या कोणत्या भागावर आणि ती निरोगी आहे का, हे पाहून निर्णय घेता येतो का?

वहीचे दोन भाग केले: फळावर आलेली जुनी झाडे आणि नवी लागवड. जुन्या झाडाकडे पाने भरपूर असतात, थोडी गेली तरी ते खचत नाही. रोपाचे मात्र सगळे भवितव्य एकेका नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर, असते. म्हणून तीच अळी दोन्हीकडे दिसली तरी निर्णय वेगळा होणार.

तक्त्यात तारीख, झाड, दिशा, जागा (कळी, फूल, गुंडी, कोवळे पान, जून पान), अळीची लांबी, तिची तब्येत आणि शेजारी दिसलेले इतर कीटक. लांबीचा रकाना सोडायचा नाही असे सगळ्यांना सांगितले आहे. उपायाची निवड जवळजवळ त्यावरच ठरते.

साहित्य: दहापट मोठे दाखवणारे भिंग, पांढरे कापड, काठी, बॅटरी, मऊ कुंचला आणि तोंडाला पातळ फडके बांधलेल्या काचेच्या बरण्या. बरण्या आवश्यकच आहेत, कारण काही गोष्टी अळी पाळल्याशिवाय कळतच नाहीत.

२ फेब्रुवारी

आज सोबतच्या मुलांना ओळख शिकवली. रंगावरून सुरुवात करायची नाही, कारण एकाच जातीच्या अळ्या हिरव्या, तपकिरी, काळपट अशा सगळ्या रंगांत सापडतात. आधी पाय मोजायचे.

छातीला खऱ्या पायांच्या तीन जोड्या पतंग-फुलपाखरांच्या बहुतेक अळ्यांना असतात. फरक पोटाच्या मांसल पायांत. पाच जोड्या असतील तर पाने गुंडाळणारी, लष्करी किंवा फुलपाखराची अळी असू शकते. मागच्या टोकाला दोनच जोड्या असतील तर ती उंटअळी: मधले पाय नसल्याने पाठीची कमान करत चालते आणि धोका वाटला की काडीसारखी ताठ उभी राहते. तीन-चार जोड्यांच्या अर्ध-उंटअळ्याही असतात, त्यांची कमान उथळ असते.

दुसरी खूण वागण्याची. कुंचल्याने हलकेच डिवचायचे. पाने गुंडाळणारी अळी झटक्यात मागे वळवळत सरकते आणि तोंडातून धागा सोडून खाली लोंबते. लष्करी अळी अंगाचे वेटोळे करून पडून राहते. फुलपाखराची अळी डोक्यामागून दोन शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. डोळ्यांपेक्षा हा कुंचला जास्त लवकर उत्तर देतो.

मावा लागलेल्या एका शेंड्यावर मुलांना हिरवट, पाय नसलेली, एका टोकाला निमुळती अळी सापडली. ती सिरफिड माशीची आहे. मावा खाते, पान खात नाही. कोणीही ती मारायची नाही, हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले. पाय नाहीत आणि भोवती मावा आहे, एवढे दोन मुद्दे पुरेत.

२० फेब्रुवारी

पूर्ण फुलोरा. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फिरलो. दिवसा रिकाम्या वाटणाऱ्या फांद्यांवर रात्री हालचाल दिसते, कारण कापणाऱ्या आणि लष्करी गटातल्या बऱ्याच अळ्या दिवसा पालापाचोळ्यात किंवा सालीच्या सांध्यात दडून असतात. दिवसा खाल्लेले दिसते आणि खाणारा दिसत नाही, तेव्हा अंदाज करत बसण्यापेक्षा रात्री जावे.

फांदीखाली पांढरे कापड धरून काठीने ठोकले. पडले त्यात उंटअळ्या थोड्या, कोळ्यांचे (जाळे विणणाऱ्या, लाल कोळ्यांचे नव्हे) प्रमाण मात्र चांगले. ढालकिडे आणि जाळीदार पंखांच्या क्रायसोपाच्या अळ्याही होत्या. किडी खाणाऱ्या या सगळ्यांची नोंद अळ्यांच्या शेजारीच घेतली.

फुलोऱ्यात कसलीही फवारणी नाही. मधमाश्या आहेत, हे कारण एकटेच पुरेसे आहे. शिवाय या झाडांवर फुले येतात त्यांतली फार थोडी शेवटी फळ होतात. बाकीची झाड स्वतःच गाळते. कळ्या-फुलांवर काही अळ्या असल्या तर झाड जे गाळणारच होते त्यातलेच बरेच त्या खातात.

६ मार्च

पाकळ्या गळू लागल्या. वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, त्यामुळे फेऱ्या वाढवल्या.

सुकलेल्या पाकळ्या काही फांद्यांवर रेशमी धाग्यांनी गुंडीला चिकटून राहिल्या आहेत. त्या उलगडल्या की आत पाने गुंडाळणारी अळी सापडते. पाकळ्यांचे छप्पर आणि खाली कोवळी साल, तिला याहून सोयीची जागा नाही. नुकसान दोन तऱ्हांचे. गुंडी खोलवर पोखरली असेल तर ती गळून पडते, आणि तिचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. वरवर कुरतडलेली गुंडी मात्र झाडावर टिकते, जखम भरते आणि फळ वाढते तसा वणही पसरतो. नुकसानीचा हिशेब या टिकलेल्या गुंड्यांवरून करायचा, गळलेल्यांवरून नाही.

दक्षिणेकडच्या ओळींत टोकाच्या झाडांवर गुंड्यांजवळ लहान अळ्या जास्त आहेत. लांबी ४ ते ७ मिलिमीटर. मधल्या ओळींत तुरळक.

पाणी बघणारे मामा म्हणाले, "ताई, सगळ्यावरच एक हात मारून टाकू, पुन्हा बघायला नको." त्यांचा मुद्दा कष्टाचा आहे आणि तो खरा आहे. पण मधल्या ओळींत कोळी आणि क्रायसोपा भरपूर आहेत, तिथे हात मारला तर पुढे कोळी-कीड आणि खवले यांचे काम आपल्या अंगावर येईल. टोकाच्या झाडांपुरतेच करायचे ठरले. मामांनी मान्य केले.

९ मार्च

टोकाच्या झाडांवर संध्याकाळी बीटी फवारली. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, कुर्स्टाकी प्रकार. हा जिवाणू १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला, आणि जर्मनीत बर्लिनर यांनी १९११ मध्ये पिठातल्या पतंगाच्या अळीतून तो वेगळा केला. थुरिंजिया प्रांतावरून नाव पडले.

तो स्पर्शाने मारत नाही, खाल्ला गेला पाहिजे. त्याच्यातल्या प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या भिंतीला भोके पाडतात. अळी काही तासांत खाणे थांबवते, मरायला मात्र दोन ते पाच दिवस घेते. म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या दिसल्या तरी कोणी पुन्हा फवारायचे नाही.

या माहितीतूनच फवारणीची पद्धत ठरते. ऊन त्याला लवकर निकामी करते, म्हणून वेळ संध्याकाळची. अल्कधर्मी पाण्यात तो टिकत नाही, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) आधी पाहिला. कालवलेले द्रावण रात्रभर ठेवले नाही. जिथे अळी खाते तिथेच थेंब पोचला पाहिजे, म्हणून पाकळ्यांचे पुंजके आणि शेंडे नीट भिजवले, जून पानांवर औषध घालवले नाही. आणि अळी लहान असतानाच हे काम, मोठ्या अळीवर त्याचा जोर कमी पडतो. लांबीचा रकाना यासाठीच होता.

१४ मार्च

टोकाच्या झाडांवर अळ्या थंडावल्या. बऱ्याच काळवंडून आक्रसल्या आहेत. ज्या आधीच मोठ्या होत्या त्यांतल्या काही अजून खात आहेत, त्या हाताने काढल्या.

कोळी आणि ढालकिडे त्याच झाडांवर पूर्वीसारखे. ही नोंद माझ्या दृष्टीने अळ्यांच्या नोंदीइतकीच मोलाची.

२ एप्रिल

गुंड्या लिंबोळीएवढ्या. वणांची ओळख वहीत चित्रांसह उतरवली, कारण प्रत्येक वणाचा दोष अळीवर येतो.

देठाभोवती कड्यासारखा करडा-चंदेरी वण असेल तर ते फुलकिड्यांचे काम. फांदी घासल्याचा वण बाहेरच्या बाजूला, वेडावाकडा, आणि जवळच घासणारी काटकी किंवा काटा सापडतो. गोगलगाय सालीला खड्डे पाडते, पण वाळलेल्या चिकट रेघा मागे ठेवते. नाकतोडे सालीवर एकेक घास घेऊन पुढे जातात, त्यामुळे विखुरलेले, सपाट, गोलसर वण उठतात. पाने गुंडाळणाऱ्या अळीचा वण दोन फळे एकमेकांना टेकतात तिथे किंवा फळाला पान चिकटवलेले असते त्याखाली असतो, आणि आसपास धागे व विष्ठेचे दाणे मिळतात. पुरावा फळावर आणि फळाच्या शेजारी, दोन्हीकडे शोधायचा.

यापुढे विरळणी करताना जोडफळांतले एक काढायचे. अळीला आडोसा उरत नाही.

२२ जून

पाऊस पडून गेला, नवती जोरात. नव्या लागवडीत लिंबावरच्या फुलपाखराची, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियसची, ये-जा दिवसभर.

या एका किडीवर जास्त लिहिते आहे, कारण रोपांना खरा त्रास तिचाच. मादी कोवळ्या पानांवर सुटे, गोल, गुळगुळीत, फिकट पिवळे अंडे घालते. उबदार हवेत तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. सुरुवातीच्या अवस्थांत ती तपकिरी-काळी आणि मधे पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. पक्षी तिला सोडून देतात आणि नवखे निरीक्षकही. पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत ती एकदम हिरवी होते, अंगावर तपकिरी पट्टे येतात. ही एकच अळी आहे हे मुलांना बरणीत कात टाकताना दाखवल्यावरच पटले.

बहुतेक खादाडी शेवटच्या अवस्थेत होते. लहान अळ्या पानाची कड कुरतडतात, हिरवी अळी पानामागून पान मधली शीर ठेवून संपवते. रोपाचा शेंडा ती थोडक्यात बोडका करू शकते. म्हणून रोपांत ती विष्ठेसारखी दिसते तेव्हाच वेचायची. अळ्या एकेकट्या असतात, रोप हाताच्या उंचीचे असते, त्यामुळे वेचणे फवारणीपेक्षा सोपे आणि खात्रीचे. शेंड्याकडून खाली, पानाच्या दोन्ही बाजू पाहत जायचे.

जुन्या झाडांवर हीच अळी दिसली तर तक्त्यात नोंद करायची आणि पुढे जायचे. तिथे उपायाची गरज नाही.

बेल आणि कढीपत्ता यांवरही तिची वाढ होते. रोपांजवळ ती झाडे असतील तर पाहणीत धरायची.

५ जुलै

बरण्यांचा हिशेब.

वेचलेल्या अंड्यांपैकी काही पूर्ण काळी पडली. उबण्याआधीही अंडे गडद होते, पण आत अळीचे डोके दिसते. या अंड्यांत तसे काही नव्हते, आणि त्यांतून बाहेर आल्या त्या ट्रायकोग्रामा, टाचणीच्या टोकाएवढ्या गांधीलमाश्या. एका मध्यम अळीच्या शेजारी पांढरट कोशांचा पुंजका तयार झाला, तो अळीच्या शरीरात वाढलेल्या परोपजीवींचा. एका कोशाला बारीक गोल भोके पडली आणि फुलपाखराऐवजी छोट्या गांधीलमाश्या निघाल्या, त्या टेरोमॅलस गटातल्या.

अंडे, अळी, कोश, तिन्ही अवस्थांवर कोणी ना कोणी आहे. म्हणून नियम केला: वेचलेल्या अळ्या आणि अंडी चिरडायची नाहीत, तर जाळीच्या पेटीत ठेवायची. जाळीची भोके इतकी की गांधीलमाशी बाहेर जाईल, फुलपाखरू आतच राहील. पेटी रोपांच्या मधोमध टांगली आहे. यातून मिळणारी मदत फुकटची आहे.

१९ जुलै

नागअळी. ही बाकीच्यांसारखी अधूनमधून येणारी नाही, प्रत्येक नवतीला येते. तरी नोंद हवी, कारण तिच्यासाठी चुकीचे उपाय सर्वांत जास्त होतात.

अळी पानाच्या पातळ पापुद्र्याखाली चंदेरी नागमोडी बोगदा करते, बोगद्यातून विष्ठेची बारीक काळी रेघ जाते. अळी फार तर ३ मिलिमीटर. शेवटी पानाची कड दुमडून त्यात कोश. पतंग इतका लहान की पंख पसरूनही सुमारे ४ मिलिमीटर. पान जून झाले की तिला चालत नाही.

बीटी तिथे उपयोगी नाही, कारण ती बोगद्यात आहे आणि फवारा वर. स्पर्शजन्य विषाचेही तेच, वर त्याने बाहेरचे परोपजीवी मरतात. जुन्या झाडांवर काहीच करायचे नाही. वाकडी झालेली पानेही खुडायची नाहीत, त्यांचा हिरवा भाग झाडासाठी अन्न करतोच. करायचे ते इतकेच: बुंध्यावरचे पाणसोट, म्हणजे सरळ जोमाने वाढणारे फुटवे, काढायचे, कारण ते सतत कोवळी पाने पुरवतात, आणि नत्र गरजेपुरते द्यायचे म्हणजे नवती एका वेळी येऊन एका वेळी जून होईल.

रोपांत दक्षता वेगळी. बोगद्यांच्या जखमांतून खैऱ्या (कँकर) रोगाचे जिवाणू सहज शिरतात, त्यामुळे खैऱ्या असलेल्या भागात रोपांची नवती राखावीच लागते. मुळांतून शोषली जाणारी औषधे वापरायची झाली तर मान्यता आणि प्रमाण वेष्टनावर वाचूनच, आणि फुलावर येणाऱ्या झाडांना नाही.

२४ ऑगस्ट

दोन झाडांवर केसाळ अळ्या. पाठीवर ब्रशसारखे झुबके. हातमोजे घालूनच काढल्या, केसांनी अंगाला खाज आणि पुरळ येते. या गटातल्या काही जातींची मादी पंखहीन असते. ती आपल्या कोशावरच अंडी घालून केसांनी झाकते. उडता येत नसल्यामुळे प्रसार हळू होतो आणि अंड्यांचे पुंजके खोडावर, जाड फांद्यांवर सापडतात. थंडीत ते खरवडून काढणे हाच सर्वांत चांगला उपाय.

दुसऱ्या ओळीत शेंड्याला लष्करी अळ्या मागच्या पायांनी धरून डोके खाली लोंबत आहेत. मऊ, काळसर, स्पर्श केला की कातडी फाटून पाणी वाहते. विषाणूचा रोग, न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस. रोगट अळी वर चढून मरते, वितळते आणि विषाणू खालच्या पानांवर सांडतो. या अळ्यांना हात लावायचा नाही, फवारणीही नाही. तक्त्यातल्या तब्येतीच्या रकान्याचा उपयोग इथे झाला: अळ्यांची संख्या जास्त होती, तरी उपाय शून्य.

१२ सप्टेंबर

चर्चेत पुन्हा प्रश्न आला, सर्व किडींवर चालणारे पायरेथ्रॉइड कीटकनाशक एकदा मारले तर वर्षभराची वही कशाला? त्याला लिंबूवर्गीय बागांच्याच इतिहासात उत्तर आहे. कॅलिफोर्नियात १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने कापशी खवले कीड आवरली. पुढे १९४० च्या दशकात त्या बागांत डीडीटी आले, ढालकिडे मेले आणि विसरली गेलेली ती कीड पुन्हा उसळली. चीनमध्ये तर सुमारे १७०० वर्षांपूर्वीच विणकर मुंग्यांची घरटी विकत आणून संत्र्यावर लावत. मित्रकिडींची किंमत या झाडांच्या बाबतीत फार आधीपासून माहीत आहे.

आपल्याकडच्या मुंग्यांबाबत मात्र खबरदारी. काळ्या लहान मुंग्या मावा आणि खवले यांचा गोड स्राव खातात आणि त्यांचे रक्षण करताना परोपजीवींना हुसकावतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. खोडाला पट्टी बांधून तिच्यावर चिकट लेप दिला, लेप थेट सालीवर नाही.

२८ नोव्हेंबर

काढणी सुरू. फळे वेगळी करताना वणांच्या तीन टोपल्या केल्या: अळी, फुलकिडे, घासणे. टोकाच्या झाडांतही अळीची टोपली सर्वांत लहान. घासण्याची सर्वांत मोठी, म्हणजे छाटणी आणि वारा अडवणारी झाडे यांकडे लक्ष द्यायला हवे. मधल्या ओळी, जिथे काहीच फवारले नव्हते, तिथे अळीचे वण टोकाच्या ओळींपेक्षा जास्त नाहीत.

पुढच्या हंगामासाठी: फूलगळीला टोकाच्या ओळी आधी पाहायच्या. थंडीत केसाळ अळीचे पुंजके खरवडायचे, त्या दोन झाडांना फीत बांधली आहे. जाळीची पेटी धुऊन ठेवली, तिची एक बाजू फाटली आहे, नवतीआधी बदलायची. तक्त्यात एक रकाना वाढवला: फळ शेजारच्या फळाला टेकले आहे की नाही. मामांनी सांगितल्यावरून रात्रीच्या फेरीसाठी वेगळी, डोक्याला बांधायची बॅटरी मागवायची, म्हणजे दोन्ही हात कापड धरायला मोकळे राहतील.